तीन सेकंद

डहाणू रोड स्थानकात उतरून पूर्वेची वाट धरली म्हणजे समुद्र आणि चिकूच्या वाड्या पाठीमागे राहतात. मग सागाची झाडे, भाताची खाचरे आणि मधूनमधून वारली लोकांचे पाडे दिसू लागतात. आता तेथील पुष्कळ घरे विटांची झाली आहेत. तरी कारवीच्या कुडाची जुनी घरे अगदीच नाहीशी झालेली नाहीत. अशा घराची भिंत शेणाने सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवलेला असतो आणि त्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे रेखाटलेली असतात. ही चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे याच मुलखातले. त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा आणि त्यांचे आयुष्य गेले ते डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

या चित्रांतील माणूस फार थोड्या रेषांचा असतो. दोन त्रिकोण टोकाला टोक भिडवून उभे केले की धड झाले. त्यावर एक वाटोळे डोके, आणि काडीसारखे हातपाय. त्याच्या हाती धनुष्य दिले की तो शिकारी होतो. अशा शिकाऱ्याच्या चित्राकडे थोडा वेळ थांबून पाहावे. त्याचे पाय फाकलेले आहेत, एक हात सरळ पुढे गेला आहे, दुसरा मागे ओढलेला आहे, आणि तीर अजून सुटलेला नाही. नेमबाजीतील सर्वांत अवघड क्षण तोच होय.

एके काळी या जंगलपट्टीत तिरकामठा ही घराघरांतील वस्तू होती. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, शिकारीस बंदी आली, आणि ते योग्यच झाले. परंतु नेम धरण्याची आवड कायद्याने थोडीच जाते? ती पोरांच्या गलोलीत शिल्लक राहते. चैत्रात उंच फांदीवरची कैरी एका खड्यात पाडणारा मुलगा प्रत्येक गावात एक तरी असतोच. त्याला विचारले, ‘तुझा नेम कशाने चुकतो?’ तर तो म्हणेल, वाऱ्याने, नाही तर रबर जुने झाल्यामुळे. खरे कारण बहुधा तिसरेच असते, आणि ते तिरंदाजाला, गलोल मारणाऱ्या पोराला व पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला एकसारखेच लागू पडते. ते कारण समजून घेण्यासाठी डहाणूहून थेट कोल्हापुरास, आणि तेथून समुद्रापलीकडे जावे लागेल; कारण पिस्तुलाच्या नेमबाजीत महाराष्ट्राचे नाव ज्यांनी मोठे केले, त्यांत कोल्हापूरची राही सरनोबत ही अग्रभागी आहे.

२२ ऑगस्ट २०१८ हा दिवस. इंडोनेशियातील जाकार्ता आणि पालेम्बांग या दोन शहरांत आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. पालेम्बांगच्या नेमबाजी केंद्रात महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी आली. प्राथमिक फेरीत भारताचीच मनू भाकर ही ५९३ गुण मिळवून पहिली आली होती. राहीचे गुण होते ५८०, आणि क्रमांक सातवा. अंतिम फेरीत आठ जणींनाच प्रवेश असतो; म्हणजे ती जेमतेम दारातून आत आली होती. पण अंतिम फेरीत मागचे गुण धरत नाहीत, सर्वांची पाटी कोरी होते. एकेक स्पर्धक बाहेर पडत गेली. मनू सहावी आली. शेवटी दोघीच उरल्या : राही आणि थायलंडची नफसवान यांगपैबून. पन्नास गोळ्या झाल्या तेव्हा दोघींचेही अचूक बार चौतीस. सुवर्णपदक कोणाचे, हे ठरले नव्हते. नियमाप्रमाणे दोघींनी आणखी पाच-पाच गोळ्या झाडावयाच्या होत्या.

त्या पाच गोळ्यांचे काय झाले ते पुढे येईलच. आधी राही त्या रेषेवर उभी राहिली ती कशाच्या बळावर, हे पाहिले पाहिजे.

या स्पर्धेत ५.६ मिलिमीटर तोंडाचे, वजनास १,४०० ग्रॅमपेक्षा अधिक नसलेले पिस्तूल वापरतात आणि लक्ष्य पंचवीस मीटरांवर असते. प्राथमिक फेरीत साठ गोळ्या झाडावयाच्या. त्यांपैकी तीस सावकाश नेमाच्या. पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात. उरलेल्या तीस शीघ्र नेमाच्या, आणि खरी कसोटी तेथे लागते. स्पर्धक हात खाली करून उभा राहतो; तो ४५ अंशांपेक्षा वर असता कामा नये. लक्ष्याजवळ तांबडा दिवा सात सेकंद जळतो. मग हिरवा दिवा लागतो तो तीनच सेकंद. तेवढ्यात हात उचलावयाचा, नेम साधावयाचा व एकच गोळी झाडावयाची. पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद तांबडा दिवा. हात एकच वापरावयाचा. त्याच्या मनगटास पट्ट्याचा आधारही चालत नाही. दुसरा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात अडकवून ठेवतात, तो उगाच हलू नये म्हणून.

पिस्तुलाचा याहूनही धावपळीचा एक स्पर्धाप्रकार आहे. त्याला प्रॅक्टिकल नेमबाजी म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया या गावी स्थापन झाली. त्यात स्पर्धक एका जागी उभा राहत नाही. कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढून, दोन्ही हातांनी धरून, आडोशांमधून पुढे सरकत तो पुठ्ठ्याची व पोलादी पत्र्यांची लक्ष्ये टिपत जातो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे आणि येईल ती त्याची कमाई. एखाद्याला वाटेल, येथे धावणाराच जिंकणार. तसे होत नाही. घाईने मारलेली गोळी चुकली की गुण जातात, आणि संथपणे मारलेली बरोबर लागली तरी भागाकारात मार बसतो. वेग आणि अचूकपणा हे दोघे सख्खे भाऊ असूनही एका ताटात जेवत नाहीत; त्यांना एका ताटावर बसवणे हीच या खेळाची विद्या. राहीच्या तीन सेकंदांतही तीच विद्या लागते.

या विद्येचा आरंभ पायांपासून होतो. नवशिक्याला वाटते की नेम हाताने धरावयाचा. अनुभवी खेळाडू आधी पावले रोवतो, डोळे मिटतो, हात लक्ष्याच्या दिशेने उचलतो आणि मग डोळे उघडून पाहतो की हात आपोआप कोठे आला आहे. तो लक्ष्याच्या उजवीकडे आला असेल, तर तो हात डावीकडे ओढत नाही. मागचे पाऊल किंचित सरकवतो आणि सगळे शरीरच वळवून घेतो. कारण ओढलेला हात थकला की आपल्या मूळ जागी परत जाऊ पाहतो. वारली चित्रातील शिकाऱ्याचे फाकलेले पाय पुन्हा आठवावेत. त्या चित्रकाराने हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. त्याने नुसते पाहिले होते.

पाय ठरले की मूठ. पिस्तुलाची मूठ खेळाडूच्या तळव्याबरहुकूम लाकडाची तासून घेतलेली असते, म्हणजे ती रोज त्याच जागी बसते. ती सैल धरली तर पिस्तूल डुलते आणि फार आवळली तर थरथरते. मधली पकड शब्दांनी सांगता येत नाही. ती हाताला महिनोन्महिने शिकवावी लागते.

आता डोळ्याकडे वळू. नेम म्हटला की अर्जुनाची गोष्ट आठवते. द्रोणाचार्यांनी झाडावरचा पक्षी दाखवून विचारले तेव्हा इतरांना झाड, फांद्या, पाने दिसत होती. अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसत होता. पिस्तूल चालवणाऱ्याने मात्र अर्जुनाचे हे उत्तर जसेच्या तसे घेतले, तर तो हरेल. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी एक लहानसा उंचवटा असतो, त्यास माशी म्हणतात. मागच्या बाजूस एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी दिसली पाहिजे, आणि दोहोंची डोकी एका पातळीत आली पाहिजेत. माणसाच्या डोळ्याला जवळची माशी व दूरचे लक्ष्य ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणे शक्य नाही. दोहोंपैकी एकाला अंधुक ठेवावे लागते. शहाणा नेमबाज लक्ष्याला अंधुक ठेवतो.

याचे कारण साध्या गणितात आहे. समजा, खाच व माशी यांमधील अंतर २२ सेंटिमीटर आहे. हात लक्ष्याशी समांतर असा एक मिलिमीटर सरकला, तर गोळीही लक्ष्यावर एकच मिलिमीटर सरकेल. त्याने काहीच बिघडत नाही. पण माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर कलली, तर पिस्तुलाचा कोन बदलतो, आणि २५ मीटरांवर ती चूक सुमारे ११४ मिलिमीटर होते. सावकाश नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे ५० मिलिमीटर. म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या त्या एका मिलिमीटरने गोळी दहावरून सहाच्या वर्तुळात जाते. म्हणून हाताच्या थोड्याशा हेलकाव्याला भ्यावयाचे नाही. हात प्रत्येकाचाच हेलकावतो. भ्यावयाचे ते माशीच्या कलण्याला.

मग इतके सगळे साधूनही नेम कशाने चुकतो? चुकतो तो बोटाने. पिस्तुलाचा चाप ओढण्यास या प्रकारात किमान एक किलोग्रॅम जोर लागेल असा नियम आहे. बोटाने तो हळूहळू, सरळ मागे, वाढत्या दाबाने ओढावयाचा असतो. पण माशी लक्ष्यावर बरोबर आलेली दिसली की मन ओरडते, ‘आता!’ आणि बोट तो चाप हिसकते. शिवाय बार होणार, हाताला हिसका बसणार, हे शरीराला आधीच ठाऊक असते. त्यामुळे बार होण्याच्या निमिषभर आधी बोटे आवळतात, मनगट झुकते, पापणी लवते. गोळी खाली जाते. आणि खेळाडू पिस्तुलाला दोष देतो.

ही खोड पकडण्याची प्रशिक्षकांची एक जुनी युक्ती आहे. ते शिकणाऱ्याच्या नकळत काडतुसांमध्ये एखादे निकामी काडतूस घालून ठेवतात. शिकणारा चाप ओढतो. बार होत नाही, हिसका बसत नाही. तरीही पिस्तुलाची नळी मात्र दचकून खाली जाते. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते! इतके दिवस ज्याला तो पिस्तुलाचा दोष समजत होता, तो स्वतःच्या मनाचा निघाला. तिरंदाजही याच जागी चुकतो : दोरी सोडण्याऐवजी तो ती झटकतो. कैरीवर खडा मारणारा मुलगाही, खडा सुटण्याआधीच कैरी पडली का हे पाहण्यासाठी डोके वर काढतो.

या खोडीवर औषध एकच, आणि ते फार कंटाळवाणे आहे. त्याला कोरडा सराव म्हणतात. पिस्तूल रिकामे आहे अशी दोनदा खात्री करून, समोर लक्ष्यही न लावता, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहावयाचे. हात उचलावयाचा, माशी खाचेत पाहावयाची, चाप ओढावयाचा. ‘टक्’ असा आवाज होतो. त्या क्षणी माशी हलली की नाही, एवढेच पाहावयाचे. हलली, तर पुन्हा. नाही हलली, तरी पुन्हा. भिंत कोरी ठेवण्यात हेतू असा, की लक्ष्यच नसल्यामुळे ‘लागली का?’ ही हाव उरत नाही आणि डोळा निमूटपणे माशीवर राहतो. प्रेक्षकांना स्पर्धेत दिसते ती गोळी. तिच्यामागे अशा रिकाम्या ‘टक्’चे ढीग पडलेले असतात, आणि ते कोणी मोजत नाही.

शीघ्र नेमाचा सरावही असाच कोरड्याने सुरू होतो. तीन सेकंदांत घाई करावयाची नसते; काम वाटून घ्यावयाचे असते. हात वर येत असतानाच चापाचा पहिला, हलका टप्पा बोटाखाली घ्यावयाचा. हात लक्ष्यापाशी पोहोचण्याआधीच डोळ्याने माशी धरावयाची. आणि हात स्थिरावतो न स्थिरावतो तोच उरलेला दाब पुरा करावयाचा. असे केले म्हणजे तीन सेकंद पुरून उरतात. ज्याने हे काम वाटलेले नाही, तो पहिला दीड सेकंद नुसता हात उचलण्यात घालवतो आणि मग उरलेल्या वेळावर तुटून पडतो. परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत उत्तरपत्रिकेवर जसे अक्षर उमटते, तशी ती गोळी असते.

सरावाच्या मैदानावर आणखी एक गोष्ट शिकवतात, आणि खरे तर ती सर्वांच्या आधी शिकवतात. पिस्तूल भरलेले असो वा रिकामे, त्याचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळता कामा नये, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. प्रॅक्टिकल नेमबाजीत पुढे सरकताना बोट चापाच्या कडीत दिसले, किंवा नळी ठरलेल्या कोनाबाहेर वळली, तर गुण कापत नाहीत. स्पर्धकाला त्याच क्षणी स्पर्धेतून काढून टाकतात. तो विश्वविजेता असला तरी! गोळ्या शिशाच्या असल्यामुळे सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खावयाचे नाही, कानांवर संरक्षक आवरण व डोळ्यांवर चष्मा असल्यावाचून रेषेवर जावयाचे नाही, हेही त्यातच आले. शाळकरी मुलांची सुरुवात बहुधा दहा मीटरांच्या हवेच्या पिस्तुलाने होते. त्यात स्फोटक दारू नसते. पण ते खेळणेही नव्हे, आणि प्रशिक्षकाच्या नजरेखालीच ते हाती घ्यावयाचे असते. त्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरांचे असते.

राहीच्या हाती बंदूक प्रथम आली ती शाळेतील राष्ट्रीय छात्रसेनेत. तिच्याच शाळेतून पुढे गेलेली तेजस्विनी सावंत हिने २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदके मिळवली, तेव्हा कोल्हापुरात मोठा आनंद झाला. आपल्याच वर्गांत बसून गेलेली मुलगी जग जिंकू शकते, ही गोष्ट लहान वयात फार बळ देते. तेजस्विनीचे शस्त्र रायफल. राहीने पिस्तूल निवडले. २००८ साली पुण्यास झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद हिच्या जोडीने तिला सुवर्ण आणि वैयक्तिक प्रकारात रौप्य मिळाले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ती पात्र ठरली. २५ मीटर पिस्तुलात हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे यजमान देशाच्या किम क्यांग-ए हिला अंतिम सामन्यात ८–६ असे हरवून तिने विश्वचषक स्पर्धेचे सुवर्ण घेतले. पिस्तुलात ते मिळवणारी ती पहिलीच भारतीय. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही सुवर्ण तिचेच झाले.

येथपर्यंतची कथा चढत्या पायऱ्यांची आहे. मग तिचे कोपर दुखावले. ज्या खेळात एकच हात सरळ ताणून सव्वा किलोच्या आसपासचे वजन साठ वेळा उचलावयाचे, त्या खेळात कोपर जाणे म्हणजे गवयाचा गळा बसण्यासारखेच. रिओ येथील २०१६ चे ऑलिंपिक तिच्यावाचून झाले. परत येणे सोपे नव्हते. हात बरा झाला तरी त्या हातावरचा विश्वास लगेच बरा होत नाही. या काळात तिने मुंखबायर दोर्जसुरेन या प्रशिक्षिकेकडे शिकावयाचे ठरविले. मुंखबायर यांनी १९९२ साली मंगोलियासाठी आणि तब्बल सोळा वर्षांनी, २००८ साली, जर्मनीसाठी याच प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले होते. इतकी वर्षे एकच हात शाबूत ठेवणाऱ्या गुरूची निवड राहीने केली, यात तिचा शहाणपणा दिसतो.

हाताविषयी बोलताना हंगेरीच्या कारोली ताकाच याची आठवण टाळता येत नाही. तो सैनिक होता आणि उजव्या हाताचा निष्णात नेमबाज होता. १९३८ साली लष्करी सरावात हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला, आणि पुढच्याच वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेत जिंकला. महायुद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ साली लंडनमध्ये आणि १९५२ साली हेलसिंकीत शीघ्र पिस्तुलाचे सुवर्णपदक त्याच डाव्या हाताने मिळवले. त्याची बोटे नवी होती. पण चाप कसा ओढावा हे ज्ञान बोटांत नसून दुसरीकडे कोठे तरी असते, हे त्याने दाखवून दिले.

स्पर्धेची तयारी केवळ मैदानावर होत नाही. खेळाडू आपल्यापाशी वही ठेवतो. आज प्रकाश कसा होता, झोप किती झाली, कोणत्या गोळीच्या वेळी मन कोठे गेले, हे त्यात लिहून ठेवतो. गुण लिहिणारे पुष्कळ असतात. मन लिहिणारे थोडे, आणि पुढे जातात ते बहुधा हेच थोडे. छातीतील धडधड हात हलवते म्हणून श्वास सावकाश सोडण्याचा अभ्यास करतात. हृदयाचे ठोके मंद करणारी औषधे आहेत. पण या खेळात त्यांवर बंदी आहे. धडधड असताना नेम साधणे हाच खेळ, मग धडधडच औषधाने घालवली तर उरले काय? पिस्तुलाचा प्रत्येक भाग तपासून ठेवावा लागतो. तरीही टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे हवेचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले, अमोल मिनिटे दुरुस्तीत गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिनेच तीन वर्षांनी, २०२४ साली, पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके जिंकली.

तयारी पुरी असली म्हणजे यश ठरलेलेच, असेही नाही. राहीने जून २०२१ मध्ये क्रोएशियातील ओसियेक येथे विश्वचषक स्पर्धेचे सुवर्ण मिळवले. महिनाभरानेच टोकियोत तिला अंतिम फेरी गाठता आली नाही. तोच हात, तेच पिस्तूल, तेच तीन सेकंद. या खेळात कालचे पदक आजच्या गोळीला काही सांगत नाही.

डहाणू-तलासरीच्या मुलास किंवा मुलीस ही वाट धरावयाची झाली, तर अडचणी वेगळ्याच आहेत. हवेचे पिस्तूल महाग, त्याच्या छऱ्यांचा खर्च रोजचा, आणि मैदान दूर. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे केंद्र आहे. २०१३ पासून लोकलगाडी डहाणू रोडपर्यंत येते, तरी तेथून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरांच्या घरात पडते, आणि तलासरीच्या पाड्यावरून डहाणू गाठावयाचे ते वेगळेच. नजर आणि धीर यांची या मुलखात वाण नाही. वाण आहे ती दहा मीटरांच्या एका खोलीची. दहा मीटरांच्या प्रकाराला त्याहून फार मोठी जागा लागत नाही. बाकी कोऱ्या भिंती सगळीकडे आहेत.

आता पालेम्बांग. अंतिम फेरीत त्या वेळच्या नियमांप्रमाणे १०.२ किंवा त्याहून अधिक गुणांची गोळीच ‘लागली’ म्हणून धरत. त्याहून किंचित बाहेर गेलेली गोळी, मग ती दहाच्या वर्तुळात का असेना, शून्य. दोघींचे चौतीस झाले होते आणि बरोबरी मोडण्यासाठी पाच गोळ्यांची फेरी सुरू झाली. तांबडा दिवा, हिरवा दिवा, हात वर, बार, हात खाली. पाच गोळ्या संपल्या. राहीच्या चार लागल्या. नफसवानच्याही चारच लागल्या. म्हणजे पुन्हा पाच.

दुसऱ्या फेरीत दोघीही थकल्या होत्या हे आकडेच सांगतात. पन्नास गोळ्यांनंतरच्या या सहाव्या, सातव्या, आठव्या गोळ्या. कोपर तेच, जे दोन वर्षांपूर्वी पिस्तूल पेलण्याच्या स्थितीत नव्हते. प्रत्येक वेळी हिरवा दिवा तीनच सेकंद. शेवटची गोळी झाली तेव्हा नफसवानच्या दोन लागल्या होत्या आणि राहीच्या तीन. एका गोळीने सुवर्णपदक भारताकडे आले. आशियाई क्रीडास्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी राही ही पहिली भारतीय महिला ठरली, आणि त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

टाळ्या चालू असल्या तरी रेषेवरचा नियम विजेत्यालाही चुकत नाही. शेवटच्या बारानंतर पिस्तूल उघडावयाचे, ते रिकामे असल्याचे पंचांना दाखवावयाचे, नळीत झगझगीत रंगाची खुणेची दोरी सरकवावयाची आणि ते तोंड लक्ष्याकडे करून खाली ठेवावयाचे. त्यानंतरच हात मोकळा होतो.